छोट्या खोलीतला फ्लामेंको: स्पेनला निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनचा व्हिसा हातात पडला की ओळखीतल्या कुणाचा तरी मला फोन येतो, "फ्लामेंको बघायचाय, कुठे जाऊ?" मी आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा एकटी, दुसऱ्यांदा आत्याला घेऊन. आत्या सत्तरीची. तरुणपणी थोडं कथक शिकलेली आणि गेली चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरणारी. खाली तिचं नाव वारंवार येईल, कारण तिने विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते.

फ्लामेंको म्हणजे तो लाल झालरीच्या झग्यातला नाचच ना?

नाच त्यात आहेच, पण जाणकारांच्या लेखी पहिला मान गाण्याचा. गाण्याला कांते म्हणतात, गिटारीला तोके आणि नाचाला बाइले. चौथं वाद्य म्हणजे टाळ्या, पाल्मास. मार्तिनेते नावाचा एक प्रकार तर गिटारीशिवायच गातात. लोहारांच्या भट्टीशी त्याचं नातं सांगितलं जातं आणि साथीला फार तर ऐरणीवरच्या हातोड्याचा ठोका असतो. नाचणारी बाई गाणाऱ्याच्या ओळीला उत्तर देत असते. तिचे पाय काय बोलतात ते कळायला आधी गाण्याकडे कान हवा. म्हणून माझा पहिला सल्ला असा: फ्लामेंको ऐकायला जा. बघणं आपोआप होतं.

मोठ्या नाट्यगृहात बघितला तर काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही. मोठे कलाकार मोठ्या रंगमंचावरच दिसतात. पण साठ-ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत माईक नसतो, आणि सगळा फरक तिथे पडतो. सेवियात (इंग्रजीतलं सेव्हिल) मी दुसऱ्या रांगेत बसले होते. गायक खुर्चीच्या कडेला टेकला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, आणि शब्द सुरू व्हायच्या आधी नुसता "आय" असा लांबलचक सूर लावला. त्या सुरापूर्वी त्याने घेतलेला श्वास मला ऐकू आला. नाचणारीच्या बुटांना टाचेखाली आणि चवड्याखाली बारीक खिळ्यांचे थर ठोकलेले असतात. ती पाय आपटायला लागली की फळीचा हादरा खुर्चीच्या पायांतून आपल्या पाठीत येतो. पहिल्या रांगेत बसलात तर घामाचे थेंबही उडतात. आत्याच्या चष्म्यावर उडाले. तिने ते कार्यक्रम संपेपर्यंत पुसले नाहीत.

तब्लाओ, पेन्या, गुहा... हे सगळं काय आहे?

तब्लाओ म्हणजे फळ्यांचा छोटा मंच असलेली जागा, जिथे रोज ठरलेल्या वेळी कार्यक्रम होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेविया, हेरेस, मालागा अशा शहरांत काफे कान्तान्ते निघाले. गाणं तिकीट किंवा पेयाच्या पैशावर ऐकायची पद्धत तिथे रुजली. सिल्वेरियो फ्रान्कोनेत्ती या गायकाने सेवियात काढलेला काफे त्यांत सर्वांत गाजलेला. विसाव्या शतकाच्या मध्यात पर्यटक वाढले तसे त्यांचे वारस म्हणून तब्लाओ आले. माद्रिदचा कोर्राल दे ला मोरेरिया १९५६ पासून चालू आहे. सेवियात सांता क्रूस भागातला लोस गायोस १९६६ चा.

पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ. सभासद वर्गणी भरतात, कलाकार बोलावतात आणि स्वतः मागे बसून टीका करतात. आपल्याकडच्या गावोगावच्या संगीत सभा आठवा. ग्रानादाची पेन्या ला प्लातेरिया १९४९ ची, सर्वांत जुनी समजली जाते. पेन्यात कार्यक्रम रोज नसतो, बाहेरच्यांना प्रवेश कधी असतो आणि कधी नसतो. जमून आलं तर यासारखं दुसरं काही नाही.

तिसरा प्रकार सेवियात जास्त दिसतो: जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा सांस्कृतिक केंद्रात तासाभराचा कार्यक्रम, ना जेवण ना ग्लासांचा किणकिणाट. कुना रस्त्यावरचं कासा दे ला मेमोरिया असं आहे. क्रिस्तिना ओयोस या नर्तकीने उभं केलेल्या फ्लामेंको नृत्याच्या संग्रहालयातही संध्याकाळी असाच कार्यक्रम होतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने यांपैकीच एखादं निवडावं, असं माझं मत.

एकच शहर जमणार असेल तर कोणतं?

सेविया. पर्याय सर्वांत जास्त आणि सगळे चालत जाण्याच्या अंतरात. ग्वादल्किविर नदीपलीकडचं त्रियाना हे हितानो (स्पेनचे रोमा, म्हणजे जिप्सी), कुंभार आणि खलाशी यांचं जुनं उपनगर. तिथला सोलेआ, हा संथ, गंभीर गाण्याचा प्रकार, आजही त्रियानाच्या नावाने ओळखला जातो. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यात बरीच हितानो कुटुंबं तिथून उठवली गेली, शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत गेली. त्यामुळे "त्रियानात गल्लोगल्ली गाणं ऐकू येतं" या वाक्यावर तिकीट काढू नका.

गाण्याचं खरं वेड असेल तर एक रात्र हेरेसला ठेवा. सेवियाहून रेल्वेने तासाभराचा प्रवास. सांतियागो आणि सान मिगेल हे तिथले दोन मोहल्ले, आणि बुलेरियास हा जलद लयीचा प्रकार तिथला जीव की प्राण. तिथे ताबान्को नावाच्या जुन्या मद्याच्या दुकानांत पिंपांच्या शेजारी उभं राहून गाणं ऐकता येतं. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात हेरेसचा महोत्सव असतो. सेवियाचा बिएनाल, म्हणजे दोन वर्षांनी भरणारा फ्लामेंको महोत्सव, १९८० पासून, दर सम वर्षी, शरदाच्या सुरुवातीला.

माद्रिदमध्ये कलाकार उत्तम, तिकिटं महाग. बार्सेलोनातही फ्लामेंको आहे आणि तो खोटा नाही. आंदालुसियातून स्थलांतरित झालेली हजारो कुटुंबं तिथे आहेत, आणि कार्मेन अमाया ही जगभर गाजलेली नर्तकी तिथल्याच समुद्रकाठच्या झोपडवस्तीतली. तरी प्रवासात आंदालुसिया असेल तर तिथपर्यंत थांबा.

ग्रानादाच्या साक्रोमोन्तेतल्या गुहा खऱ्या की पर्यटकांसाठी?

दोन्ही. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या या घरांत हितानो कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहिली, आणि बाहेरच्यांसाठी नाच-गाणं करण्याचा त्यांचा धंदाही दीडेकशे वर्षांचा आहे. म्हणजे "पर्यटकांसाठी" असणं हीच तिथली परंपरा. या प्रकाराला सांब्रा म्हणतात. मूळ लग्नातले नाच. गुहा लांबट, बोगद्यासारखी, चुन्याने पांढरी केलेली, छताला तांब्याची भांडी टांगलेली. खुर्च्या दोन्ही भिंतींना लागून एकेरी ओळीत, आणि मधल्या अरुंद पट्टीत नाच. झग्याचा घोळ अक्षरशः गुडघ्यांना लागतो. पाय आत घेऊन बसा.

कार्यक्रमाचा दर्जा रात्रीगणिक बदलतो, हे मान्य करून जा. चढ बराच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सी-३४ ही छोटी बस घ्यावी. परतीची शेवटची बस किती वाजता, ते जातानाच ड्रायव्हरला विचारा. आम्ही नाही विचारलं.

तिकीट किती आणि कधी काढायचं?

सेविया-ग्रानादात नुसत्या कार्यक्रमाला साधारण २० ते ३० युरो. चार-पाच दिवस आधी जागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. इस्टरचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या काळात शहर तुडुंब भरतं, तेव्हा महिनाभर आधी पाहा. गुड फ्रायडेच्या आसपास काही जागा बंद असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेवियात पारा चाळिशीपलीकडे जातो. कार्यक्रम चालू असतात, पण दिवसभर भाजून निघालेला माणूस रात्री दहाला गाणं ऐकायच्या अवस्थेत नसतो.

जेवणासह पॅकेज घेऊ का?

नको. पहिल्या खेपेला मी घेतलं. हॉटेलच्या खाली एक जण कागद वाटत होता, बसने नेणं-आणणं, तीन पदार्थांचं जेवण, एक ग्लास सांग्रिया. मोठा हॉल, लांब टेबलं, नाचणारीची पाठ वेटरच्या ट्रेमागे. गायकाने एक संथ सोलेआ सुरू केला आणि नेमकं तेव्हाच माझ्यासमोर मासा आला. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक कापला गेला. गायकाने डोळे मिटून घेतले होते, बरं झालं.

जेवण देणाऱ्या सगळ्याच जागा अशा नसतात, माद्रिदला काही ठिकाणी जेवणही नाव काढण्यासारखं असतं. पण पैसे दोन गोष्टींत वाटले जातात आणि लक्षही. त्यापेक्षा आधी किंवा नंतर बाहेर खा.

मग शाकाहारी माणसाने आधी काय खावं?

सेवियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागा: पालक आणि छोले, जिरं घातलेलं, पोळीची आठवण यावी असं. वांग्याचे तळलेले काप मधासह मिळतात, बेरेन्हेनास कोन मिएल. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप छान, पण वरून डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. "सिन हामोन, सिन उएवो" असं आधीच सांगा. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतंच. आणि "वेजिटेरियन" सॅलडमध्ये ट्यूना निघाला तर वाद घालू नका. तिथल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत मासा मांसात मोडत नाही. आपल्याकडेही एका प्रांतात मोडत नाहीच.

किती आधी पोचायचं? कुठे बसायचं?

छोट्या जागांत खुर्च्यांवर नंबर बहुधा नसतात, जो आधी तो पुढे. अर्धा तास आधी जा. अगदी पहिली रांग पायांसाठी उत्तम, पण मंच उंच असेल तर मान दुखते. बाजूच्या खुर्च्या लोक टाळतात. मला आवडतात, कारण तिथून नाचणारी आणि गिटारवाला एकमेकांना नजरेने काय सांगतात ते दिसतं. उशीर झाला तर दोन गाण्यांच्या मधेच आत सोडतात, कधी सोडतही नाहीत. भारतीय वेळ इथे चालत नाही.

आपण टाळ्या वाजवल्या तर चालतात का?

शेवटी, कौतुकाच्या, हव्या तेवढ्या. मधे ताल धरून मात्र नाही. हे आत्याच्या जिवावर सांगते.

आलेग्रियास सुरू झाला होता. हा कादिसकडचा आनंदी प्रकार, खेळकर चालीचा. आत्याला राहवेना. तिने हलकेच ताल धरला, आणि दोन आवर्तनांत ती चुकली. गायकाशेजारी बसून टाळ्यांची साथ करणाऱ्या तरुणाने स्वतःची टाळी न थांबवता तिच्याकडे पाहिलं, हसला आणि मान अगदी किंचित हलवली. आत्याने हात पदराखाली घेतले. माझ्या कानात म्हणाली, "अगं, यांची सम आहे तरी कुठे?"

तिथल्या टाळ्या हे वाद्य आहे. गाणं चालू असताना तळवे खोलगट करून दबक्या टाळ्या देतात, त्या पाल्मास सोर्दास. पायांचं काम रंगलं की बोटं तळव्यावर मारून खणखणीत, त्या क्लारास. दोघे साथीला असले तर एक ठोक्यावर आणि दुसरा दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत वाजवतो. या विणकामात पाहुण्याची तिसरी टाळी पडली की धागा तुटतो आणि नाचणारीचा पाय खरोखर अडखळू शकतो.

मग यांची सम आहे तरी कुठे?

सोलेआ, आलेग्रियास, बुलेरियास ही मंडळी बारा मात्रांची. बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो आणि तिथेच फसतो. यांची फोड तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी. बुलेरियास मोजताना लोक बाराने सुरुवात करतात: बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. जोर बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर. आपला कान पहिल्या मात्रेवर येऊन पडायची वाट बघतो, आणि इथे पुष्कळदा वाक्य दहाव्या मात्रेवर मिटतं. नाचणारी थाड्कन थांबते, हात वर, खोलीत शांतता. आपण मोजत राहिलो तर दोन मात्रा हातात उरतात.

आत्याला हे मी हॉटेलवर पोचल्यावर टेबलावर बोटं वाजवून दाखवलं. तिने साडेबारा वाजेपर्यंत सोडलं नाही. सोपं काही हवं असेल तर तांगोस ऐका, चार मात्रांचा. अर्जेंटिनाच्या टँगो नाचाशी नावापलीकडे त्याचा संबंध शोधू नका.

"ओले" कधी म्हणायचं?

"क्या बात है" कधी म्हणता? तेव्हाच. ओळ संपताना, एखादा ताणलेला सूर सुटताना, कडक तोडा दहावर येऊन थांबल्यावर. या दाद देण्याला खालेओ म्हणतात आणि ती देण्याचा पहिला हक्क मंचावरच्या साथीदारांचा. तुम्ही ऐकून ऐकून हळूच दिलीत तर कुणी रागावत नाही. ती "ओले" अशी ओरडण्यापेक्षा श्वासासारखी निघते, "ओऽले". सेगिरिया हा सर्वांत जड, शोकाचा प्रकार चालू असेल तर गप्प बसा.

शब्द कळत नाहीत, मग काय ऐकायचं?

स्पॅनिश येणाऱ्यांनाही सगळं कळत नाही. आंदालुसियाच्या उच्चारात शेवटचे "स" गळतात आणि गायक एकेक स्वर ओढून शब्दाचा आकारच बदलतो. गाण्याची कडवी तीन-चार ओळींची असतात: आई, तुरुंग, खाण, गेलेला प्रियकर, मरण. एका कडव्याचा पुढच्याशी संबंध असेलच असं नाही. गायक त्या रात्री मनात येईल ते निवडतो. ओवी गाणाऱ्या बाईलाही पुढची ओवी कोणती, हे जात्यावर बसेपर्यंत कुठे ठाऊक असतं.

फ्लामेंको कथकमधून निघाला, हे खरं का?

टूर गाईड हे ठोकून देतात आणि आपण सुखावतो. इतकं सरळ नाही. हितानो म्हणजे स्पेनचे रोमा. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले याला त्यांच्या भाषेचा पक्का आधार आहे. १४२५ मध्ये आरागोनच्या राजाने अशा एका जथ्याला दिलेला परवाना उपलब्ध आहे. पुढे त्यांच्यावर बंदीचे कायदे झाले, आणि १७४९ मध्ये देशभरातले हितानो एकाच वेळी धरून कोंडण्याचा हुकूम निघाला. फ्लामेंको मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आंदालुसियाच्या मातीत, हितानो आणि इतरांच्या मिश्रणातून घडला. आज दिसतं ते कथकही साधारण त्याच सुमारास दरबारांत आकाराला येत होतं. पायांचं साम्य डोळ्यांना दिसतं. त्यावरून वंशावळ काढता येत नाही.

नातं शोधायचंच तर भाषेत शोधा. रोमानीत कानाला "कान" म्हणतात, नाकाला "नाख". स्पेनच्या हितानोंच्या कालो बोलीत पाण्याला "पन्यी" म्हणतात. आत्याने हे ऐकलं आणि त्यानंतर कथकचं नाव काढलं नाही. वेटरला मात्र "पन्यी" म्हणून बघितलं. त्याने खनिज पाण्याची बाटली आणली, पण ती टेबलावर बोट दाखवल्यामुळे.

फोटो, व्हिडिओ?

कार्यक्रम चालू असताना बहुतेक ठिकाणी बंदी. सुरुवातीलाच सांगतात, आणि शेवटच्या काही मिनिटांत खूण करून परवानगी देतात. अंधाऱ्या खोलीत फोनचा उजेड नाचणारीच्या थेट डोळ्यांत जातो. फोन बंद करा, नुसता उलटा ठेवू नका.

लहान मुलांना नेऊ का?

सात-आठ वर्षांच्या पुढचं, तासभर बसू शकणारं मूल असेल तर जरूर, आणि संध्याकाळच्या पहिल्या खेळाला. फार लहानांना काही जागा घेतच नाहीत, आधी विचारा. कडेवरचं बाळ असेल तर खालचं उत्तर वाचा.

फुकटात कुठे दिसेल?

सेवियाच्या प्लासा दे एस्पान्याच्या कमानींखाली दिवसा कलाकार फळी टाकून नाचतात. तिथे थांबा, मुलांना पुढे बसवा, टोपीत पैसे टाका. चांगले असतात.

कपडे?

स्वच्छ. साडी नेसून गेलात तर दारावरच स्वागत होईल, एवढं आत्याच्या अनुभवावरून.

करताळ्यांसारख्या त्या लाकडी कास्तान्येता वाजवतात ना?

छोट्या खोलीत क्वचितच. त्या जास्त करून लोकनृत्यांत आणि रंगमंचावरच्या शास्त्रीय स्पॅनिश नाचांत. जत्रेत सगळं गाव जोडीजोडीने नाचतं ते सेवियानास, त्याची मूळ जातकुळी लोकनृत्याची. उलट लाकडी खोक्यावर बसून ते बडवणारा माणूस दिसला तर तो काहोन. हे वाद्य पेरूचं; पाको दे लुसियाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथून आणलं. आज त्याच्याशिवाय फ्लामेंको कल्पना करवत नाही.

कार्यक्रम संपला हे कसं कळतं?

शेवटी सगळे अर्धवर्तुळात उभे राहतात, बुलेरियास लागतो, आणि एकेक जण पुढे येऊन चार पावलं टाकून जातो. गायकसुद्धा, गिटारवालासुद्धा. याला फिन दे फिएस्ता म्हणतात. पोट सुटलेला, तासभर डोळे मिटून गायलेला माणूस कोटाची टोकं धरून अशी गिरकी घेतो की रात्रभर तरुण पायांनी केलेलं काम क्षणभर विसरायला होतं. आमच्या रात्री तो आत्यासमोर येऊन थांबला आणि टाळीचा इशारा केला. आत्याने हात पदरातून काढले, तीन, सहा, आठ, दहा मोजत, आणि दहावर बरोबर थांबली.